हळदीचं सूत

गावाचं नाव मी लिहिणार नाही. केदारखेड्याच्या पुढं, पूर्णेच्या अलीकडं, एवढं पुरे झालं. तिथली माणसं अजून हयात आहेत, काहींची लेकरं माझ्या हाताखाली शिकून गेली, आणि मला कुणाचं हसू करायचं नाही. आता जालन्याच्या मस्तगडातल्या या घरात पंख्याखाली बसून लिहिते आहे, तर नात मागून वाचते आणि खिदळते. “आजी, तू दोऱ्याला भ्यायची?” हो बाई, दोऱ्याला. तुझ्याएवढीच होते, आणि त्या दोऱ्यानं पाच आठवडे माझं जेवण, झोप, अभ्यास, सगळं गिळलं होतं. जे स्वतः भ्यालेले नाहीत त्यांना दुसऱ्याच्या भीतीचं फार हसू येतं. म्हणून आधी घराचं सांगते, मंग दोऱ्याचं.

जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण आमच्या गावाला त्याचा काही पत्ता नव्हता. कागदावर जिल्हा बदलला, एसटी तीच फुटक्या काचांची. बाबा तिथं शाळेत मास्तर होते. आई जालन्याला मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स. लग्न झालं, नोकरी सुटली, हात काही सुटला नाही. गावात कुणाला गळू झालं, कुणाची सून अडली, की माणूस आमच्या दारात. म्हणून बाबांना अख्खं गाव मास्तर म्हणायचं, आईला नर्सबाई, आणि आम्ही पाठमोरे झालो की किरिस्ताव. त्यात राग नसायचा. जसं सुताराला सुतार म्हणायचे तसं ते आम्हाला म्हणायचे. आमचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या, वर पत्रा. सकाळी मला जाग यायची ती स्टोच्या फरफर आवाजानं. आई चहाच्या आधी एका वाडग्यात तिची कात्री उकळायची. कुणाचं बाळंतपण असो नसो, रोज. मंग बाबा खाटेवर बसून पवित्र शास्त्र वाचायचे, एक गाणं म्हणायचे, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या गयामावशीच्या घरातून जात्याची घरघर आणि तिची ओवी सुरू व्हायची. दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून जायची आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. गयामावशीचं घर म्हणजे खातंपितं शेतकऱ्याचं घर. ती रोज ताकाचा लोटा द्यायची, आई तिच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि मावशीचं ताक. त्याच्यापुढं मला आजही कुठलं हॉटेल लागत नाही.

मी जन्माचीच भित्री. घुबडाला भ्यायचे, पोतराजाच्या आसुडाला भ्यायचे, मरीआईच्या शेंदरी दगडापुढून जाताना डोळे मिटून प्रभूची प्रार्थना इतक्या घाईनं म्हणायचे, की आमेन आधी यायचं आणि बाकीचं मागून. बाबा म्हणायचे, देव असताना कशाला भ्यायचं. बराबर होतं त्यांचं. पण ते मोठ्यांत बसायचे आणि मी शाळेत गावातल्या पोरींत बसायचे. घरात ऐकलेलं आणि पारावर ऐकलेलं, दोन्ही माझ्या पोटात शेजारीशेजारी नांदत होतं. त्यातून शमू झाला. शमुवेल, माझा भाऊ. त्याच्या आधी आईची दोन लेकरं मातीत गेली होती. शमू झाल्यापासून आई झोपेतसुद्धा एक हात त्याच्या छातीवर ठेवायची. छाती वरखाली होते की नाही ते बघायची.

त्या वर्षी पोळा झाला आणि आठ दिवसांत बैल मरायला लागले. मागच्या पायावर सूज यायची, हात लावला तर कातड्याखाली करकर वाजायचं, आणि दिवस मावळायच्या आत जनावर गार. भोकरदनहून जनावरांचे डॉक्टर आले, सुया देऊन गेले, तरी मरायचे ते मेलेच. गयामावशीचा सर्ज्या आमच्या देखत गेला. त्याच्या शिंगांचा हिंगूळ अजून ताजा होता, कपाळावर बाशिंगाचा कागद चिकटलेला होता. मावशी त्याच्या तोंडाशी पुरणपोळीचा तुकडा धरून बसली होती. तो गेला तरी तिनं हात खाली घेतला नाही. त्या दिवसापासून तिच्या घरातली ओवी बंद झाली. बैल गेला म्हणजे त्या घराचा हातच गेला, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं पुढचं वाचून त्या लोकांना अडाणी म्हणू नये.

मंग गाव बांधायचं ठरलं. दूरच्या गावाहून एक भगत आला. त्यानं सांगितलं, मंगळवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गाव बंद. कुणाच्या घरात चूल पेटायची नाही, जातं फिरायचं नाही, विहिरीत बादली पडायची नाही. गावाभोवती हळदीत भिजवलेलं सूत बांधायचं, बाभळीच्या खुंट्या ठोकून, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आतला बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. दिवसभर सूत शाबूत राहिलं की रोगराई बाहेर राहिली. आणि तुटलं तर? तर ज्याच्या पायानं तुटलं त्याच्या घरचा पाळणा पाच मंगळवारांच्या आत रिकामा होतो. हे शाळेत आम्हाला सोमवारी दुपारीच कळलं, आणि पोरी ते इतक्या हळू आवाजात एकमेकींना सांगत होत्या, की मला शमूला बघायला घरी पळावंसं वाटलं.

बाबांना सोमवारीच शाळेच्या बैठकीसाठी भोकरदनला जायचं होतं. जाताना त्यांनी आईला सांगितलं, की आपला त्या सुतावर भरवसा नाही, पण गावात राहायचं तर गावाचं दुःख आपलं. उद्या आपणही स्टो पेटवायचा नाही. आईनं मान डोलावली आणि सोमवारी रात्रीच दोन दिवसांच्या भाकरी थापून ठेवल्या, वर कारळाची चटणी. मंगळवारी कात्री उकळली गेली नाही. माझ्या आठवणीतला तो पहिलाच तसा दिवस.

धूर नसलेलं गाव कसं दिसतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. ऊन लख्ख होतं, पण घराघरांतून काहीच वर जात नव्हतं. जातं नाही, बादलीचा आवाज नाही, गुरांच्या गळ्यातल्या घंट्यासुद्धा काढून ठेवलेल्या. कुत्री तेवढी रस्त्याच्या मधोमध उभी राहून इकडं तिकडं बघायची. माणसं दारात बसून होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमच्या घराच्या मागूनच सूत गेलं होतं. पिवळं, ओलसर, वाऱ्यानं जरा जरा हलायचं. मी शमूला कडेवर घेऊन त्याच्याकडं बघत उभी होते आणि बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते.

उन्हं वर आली तेव्हा सुताच्या पलीकडून हाक आली. सखाराम होता. मेंढरं राखणारा, शिवाराच्या टोकाला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहायचा. त्याची बायको जनाबाई पहिलटकरीण. तो सुतापासून दोन हात लांब उभा होता, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलेलं. म्हणाला, “नर्सबाई, दोन दिस झाले. पहाटंपसून ती बोलूनच न्हाई राह्यली.” आईनं तिथूनच त्याला चार गोष्टी विचारल्या. पाणी कधी गेलं, अंगात ताप आहे का, पोट घट्ट लागतं का. त्याला एकाचं धड उत्तर देता येईना. तोवर माणसं जमली होती. कुणी पुढं आलं नाही, सगळे आपापल्या जागेवरून बघत होते. गयामावशी मात्र आली आणि तिनं आईचा पदर धरला. दिवस मावळल्यावर जा, म्हणाली; मी सोबत येते, कंदील घेऊन येते, पण आत्ता नको.

आईनं पदर सोडवून घेतला. मंग म्हणाली, “मावळतीपर्यंत ती ऱ्हाणार न्हाई, गयाबाई.”

पाटील पारावरून उठून आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. त्यांचेही दोन बैल गेले होते. “आमी तुम्हाला धरणार न्हाई,” ते म्हणाले. “पन जे व्हईल ते तुमच्या माथी.” आई म्हणाली, “माझ्या माथी.” आणि सखारामला सांगितलं, पळत जा, चूल पेटव, पाणी ठेव. घरात येऊन तिनं पत्र्याची पेटी उचलली आणि मला म्हणाली, शमूला घे; अंगावर पितं लेकरू, मागं ठेवता येत नाही. मी नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला नाही म्हणाले. ती रागावली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, “मलाही भ्या वाटून राह्यलं, रिबका. चल.” मला वाटलं, माझी समजूत काढायला म्हणते आहे.

आईनं लुगडं वर खोचून घेतलं आणि सुतावरून पाय टाकला. सहज, उंबरा ओलांडावा तसा. मंग मी. कडेवर शमू, अंगात परकर, आणि पाय उचलतच नव्हता. डोळे मिटले आणि उडी मारली. परकराच्या काठाला काहीतरी अडकलं, ताणलं, आणि सुटलं. आवाज झाला नाही. खाली बघितलं तर सुताचं एक टोक खुंटीला लोंबत होतं आणि दुसरं माझ्या परकरात. वीतभर तुकडा तुटून आला होता. आई पुढं निघून गेली होती, तिनं मागं बघितलं नाही. आम्ही निघालो तशी माणसं तोंड फिरवून पारावर परतली होती, आणि घराच्या आडोशामुळं गावातल्या कुणाला दिसलं नसावं. मी तो तुकडा मुठीत घेतला आणि कापसाच्या रानातून आईच्या मागं पळत सुटले. माझी मूठ पिवळी झाली होती आणि शमू ती चाटायला बघत होता.

आखाड्यावरचं सगळं मला आठवत नाही, कारण आईनं मला दाराशी पाठमोरं बसवलं होतं. मेंढ्यांचा वास आठवतो, आणि जनाबाईचं कण्हणं. ते माणसाचं वाटतच नव्हतं. आईचा आवाज तेवढा सारखा चालू होता. जनाबाईशी बोलायची आणि त्याच सुरात देवबापाशी बोलायची, कुठलं वाक्य कुणाला ते कळायचं नाही. सावल्या कलल्या तेव्हा मूल झालं, आणि रडलं नाही. आईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकलं. मी मुठीतल्या सुताला म्हणाले, आत्ताच घेतंस का, त्यालाच घे मंग, आमच्या शमूला सोड. असा विचार माझ्या मनात आला हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात ते मूल रडलं. मुलगी होती. आईनं उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी मातीत बसली. तिच्या हाताला कोपरापर्यंत रक्त होतं आणि ती हसत होती. मला तिचा इतका राग आला, की मी शमूला तिच्या मांडीत टाकून उठले.

गावात आम्हाला सूर्य मावळल्यावरच येऊ दिलं. तोवर तुटलेलं सूत सापडलं होतं. पाटलांनी आईला काही विचारलं नाही, आईनंही काही सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं ते तिच्याच पायानं तुटलं, आणि आईला वाटलं वाऱ्यानं तुटलं. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बाबा आले. सगळं ऐकून म्हणाले, बराबर केलंस. आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. बाबांचं हे एक सुख होतं.

गाव आमच्यावर चिडेल, दगड मारेल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. गावाला आमची कीव यायला लागली. दुसऱ्या मंगळवारी पाटलांचा आणखी एक बैल गेला, तरी कुणी शिवी दिली नाही. पण बाया शमूकडं बघायला लागल्या. रस्त्यात थांबून बघायच्या, त्याच्या गालाला हात लावायच्या आणि हात लगेच मागं घ्यायच्या. एकीनं त्याच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू आणला. एकीनं रंगीत खुळखुळा आणला, तिच्या स्वतःच्या लेकराचा. लेकराला जे आवडतं ते खाऊ घाला नर्सबाई, असं म्हणायच्या आणि आईच्या डोळ्यांत न बघता निघून जायच्या. सुतार आमच्या घरावरून जायचं टाळायला लागला. गयामावशी तर आलीच नाही. तिचं ताक बंद झालं. रागानं नव्हे, तिला शमूचा फार लळा होता, आणि जाणाऱ्या लेकराचं तोंड बघवत नाही म्हणून ती दाराला कडी लावून बसायची. आई तिसऱ्या मंगळवारी तेलाची वाटी घेऊन तिच्या दाराशी जाऊन आली. दार उघडलं नाही.

आणि मी? मी मोजत होते. बोटांवर मंगळवार मोजत होते. दिवसा शमू हसला की मला रडू यायचं. एके दुपारी आई विहिरीवर गेली असताना मी ट्रंकेत लपवलेला सुताचा तुकडा काढला. माझं डोकं असं चाललं होतं: सुताच्या आत जो आहे तो सुखरूप, मंग शमूला सुताच्या आत ठेवलं तर? मी त्याच्या कुंचीची झालर उसवली, तुकडा आत गोल घातला आणि वरून बारीक टाके मारले. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा बाबांनी मला गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. गळ्यातून आवाज येत होता, पण मी कुणाला फसवते आहे, देवाला का मरीआईला, तेच मला कळत नव्हतं.

चौथा मंगळवार गेला आणि गुरुवारी शमूला खोकला झाला. शुक्रवारी ताप. शनिवारी बाबांनी त्याला आणि आईला एसटीनं भोकरदनला नेलं. डॉक्टरांनी छातीत कफ साठल्याचं सांगितलं, सुया लिहून दिल्या, आणि आई नर्स असल्यामुळं घरी पाठवलं. मंगळवार-बुधवारपर्यंत उतार पडला नाही तर लगेच आणा, म्हणाले. आई दिवसातून तीनदा त्याच्या मांडीत सुई टोचायची. रविवारी तो रडायचा. सोमवारी त्यानं सुईला रडणं सोडलं. पाचव्या मंगळवारी सकाळी बाबा जीप बघायला भोकरदनला गेले. जाताना दारात उभं राहून त्यांनी प्रार्थना केली, पण मधेच थांबले आणि पुढचं त्यांना आठवेना. बाबांना प्रार्थना आठवेना हे मी तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी नाही. बाहेर समोरच्या ओट्यावर चार बाया येऊन बसल्या होत्या. कुणी बोलवलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

दुपारी आईनं मला हाक मारली. शमू खाटेवर होता, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधे खड्डे पडत होते. आईच्या मांडीवर त्याची कुंची होती, घामानं ओली. झालर एका जागी उसवलेली आणि त्यातून पिवळं डोकावत होतं. तिनं ते माझ्यापुढं धरलं. मला वाटलं आता मार बसणार, आणि देवाशपथ सांगते, मार बसला असता तर बरं वाटलं असतं. मी सगळं ओकले. परकर, उडी, मूठ, ट्रंक, टाके, सगळं. सूत मीच तोडलं, तू नाही, हेही. आई ऐकत होती. तिचा चेहरा दगडासारखा शांत होता. मंग तिनं पेटी उघडली, कात्री काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

“हे तू बांधलंस,” ती म्हणाली. “ठेवायचं का कापायचं, ते तूच ठरव.”

मी म्हणाले, “कापलं आन शमूला काही झालं तर?”

बाहेरच्या बायांपैकी कुणीतरी खोकललं. मंग आई म्हणाली, “आन न्हाई कापलं, आन तो वाचला, तर जल्मभर तू कुणाच्या पाया पडशील, रिबका?”

या वाक्याचा अर्थ मला आज जेवढा कळतो तेवढा तेव्हा कळला नव्हता. तेव्हा मला एवढंच दिसलं, की आई भ्यायलेली नाही. तिचं लेकरू समोर तसं पडलेलं आणि ती भ्यायलेली नाही. म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे. तिला देव दिसतो आहे, मला दिसत नाही एवढंच. मी कात्री घेतली. बोटं घामानं निसटत होती. पाठ केलेली एकही प्रार्थना आठवेना, म्हणून जे तोंडात आलं ते मोठ्यानं म्हणाले, बाहेरच्या बायांनाही ऐकू गेलं असेल: “देवबापा, पहिल्यांदा मी हे चुकून तोडलं. आता मुद्दाम तोडते. शमूला तू धर.” आणि झालर कापली. सूत बाहेर ओढलं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले, स्टो पेटवला आणि जाळून टाकले. हळद जळल्याचा वास आला. मी शमूजवळ जाऊन खाटेचा पाय धरून बसले.

लोकांना वाटतं, विश्वास ठेवला की भीती पळून जाते. काही पळत नाही. त्या दुपारी मी भीतीनं दातांवर दात आपटत बसले होते. फरक एवढाच, की आता माझ्याकडं लपवायला काही नव्हतं आणि धरायला दुसरं काही नव्हतं. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत भिंतीवर गेला. आईनं संध्याकाळची सुई दिली. शमू रडला नाही. मंग जराशानं, पट्टा भिंतीवरून आढ्याकडं चढत असताना, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि उशिरा, अगदी उशिरा, त्या सुईचं रडू त्याला आलं. बारीक, चिडकं रडू. आईनं त्याच्या कपाळाला हात लावला, मंग माझा हात घेऊन लावला. घाम फुटला होता. ताप उतरत होता. त्यानं आईच्या पदराला तोंड लावलं आणि प्यायला लागला, थांबून थांबून, दम लागत होता तरी.

ओट्यावरच्या बाया उठून कधी गेल्या ते कळलं नाही. अंधारायला लागलं तेव्हा दारात गयामावशी उभी होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. आत आली नाही, आत बघितलंही नाही, आकाशाकडं बघून म्हणाली, “नर्सबाई, दिवस मावळला.” आई म्हणाली, हो, मावळला, आत या, लेकरू पितंय. मावशी उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडात कोंबून अशी रडली, की सर्ज्या गेला तेव्हाही तशी रडली नव्हती. जीप घेऊन बाबा आले ते त्या रडण्याच्या आवाजानं दारातच खाली बसले. त्यांना खरं काय ते सांगेपर्यंत बिचाऱ्यांचा जीव अर्धा झाला. तरी जीप आली होती म्हणून डॉक्टरांना दाखवूनच आणलं. दुसऱ्या सकाळी जात्याची घरघर ऐकून मला जाग आली. ताकाचा लोटाही आला. जनाबाईनं मुलीचं नाव मंगल ठेवलं. मंगळवारची म्हणून.

शमू आता सहा फुटांचा आहे, सोलापूरकडं नोकरीला असतो, आणि हे सगळं त्याला गोष्टीसारखं वाटतं. मी पुढं शिक्षिका झाले, रविवारी चर्चमधे मुलांना शिकवलं, आणि विश्वास म्हणजे काय हे सांगायची वेळ आली की दरवेळी आईचा त्या दुपारचा चेहरा सांगितला. दगडासारखा शांत. वर्षानुवर्षं सांगितला.

आई गेली ती इथं, याच घरात. शेवटच्या दिवसांत ती फार बोलायची नाही. एका सकाळी मी तिची नखं कापत होते, तर तिनं माझ्या हातातल्या कात्रीकडं बघितलं आणि विचारलं, त्या दिवशी कात्री तुझ्याकडं का दिली, ठावं हाय का? मी म्हणाले, ठाऊक आहे की. मला विश्वास शिकवायला. ती मान हलवत राहिली.

“न्हाई ग. ते सूत मला सकाळीच सापडलं होतं. तुझे बाबा गेल्ते तवाच. दोनदा कात्री घेतली आन दोनदा खाली ठेवली. दोन लेकरं पुरलेली, तिसऱ्यावर हात उचलंना माझा. मंग म्हणलं, पोरीला विचारावं.”

मी कात्री बाजूला ठेवली. इतकी वर्षं मी कुणाचा चेहरा सांगत होते? मी म्हणाले, “आई, मी तर तुझ्या तोंडाकडं बघून कापलं.”

“आन मी तुझ्या,” ती म्हणाली.

“मंग देवाकडं कोण बघत होतं?”

आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती हसत होती, आखाड्याच्या दारात मातीत बसून हसली होती तशी. “तो बघत होता की आपल्याकडं,” म्हणाली, आणि उरलेली नखं कापायला हात पुढं केला.